दगडाच्या सुपात कुणी काय टाकलं?

नेटहॅक या जुन्या कॉम्प्युटर गेममध्ये खाणींच्या वाटेने काही मजले खाली उतरलं की एक गाव लागतं. एक देऊळ, दोन-चार दुकानं, गस्त घालणारे पहारेकरी. त्यातलं एक दुकान दिव्यांचं. तिथे मेणबत्त्या मिळतात, तेलाचे दिवे मिळतात, नशीब जोरावर असेल तर जादूचा दिवाही. गेममधल्या बाकी दुकानदारांची नावं यादीतून चिठ्ठी काढावी तशी निघतात, आज एक आणि उद्या दुसरं. या दिवेवाल्याचं नाव मात्र ठरलेलं आहे: इझ्चाक. गेमच्या कोडमध्ये त्याच्यासाठी वेगळी अट लिहून ठेवली आहे. जागा खाणीतली असेल, गाव असेल आणि दुकान दिव्यांचं असेल, तर यादीकडे बघू नका, हेच नाव द्या.

हे नाव डॉ. इझ्चाक मिलर यांचं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारा हा माणूस नेटहॅक उभं करणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी. 1994मध्ये ते कर्करोगाने गेले. 1996मध्ये आलेली 3.2 ही आवृत्ती त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना अर्पण केली. तीस वर्षं होत आली. ज्यांना मिलर कोण हे ठाऊकही नाही असे लोक रोज त्या दुकानात जातात आणि इझ्चाकशी मेणबत्तीचा व्यवहार करतात.

आभार मानायच्या अनेक तऱ्हा मी पाहिल्या, पण ही तऱ्हा डोक्यातून जात नाही. फुकटात, हौसेने, दहा देशांतल्या अनोळखी लोकांनी मिळून केलेल्या गेममध्ये कोणाचे आभार कसे मानायचे, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. त्यात थोडा कायदा आहे, थोडं तंत्र आहे आणि आपल्याकडच्या लग्नात असतो तसा मानपानही आहे.

आधी हे गेम म्हणजे काय ते सांगतो. यांना ‘रोगलाइक’ म्हणतात, म्हणजे ‘रोग’ या गेमसारखे. हा शब्द देवनागरीत लिहिला की साथीचा आजार वाटतो, त्याला इलाज नाही. मूळ ‘रोग’ म्हणजे इथे भामटा, उडाणटप्पू. 1980च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ इथल्या विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी या नावाचा गेम केला. पडद्यावर चित्र एकही नाही, सगळी अक्षरं. तुम्ही म्हणजे ‘@’ हे चिन्ह. भिंती म्हणजे रेघा, राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरं. नेटहॅकमध्ये लहान लिपीतला डी दिसला तर कुत्रा किंवा कोल्हा असेल. मोठ्या लिपीतला डी दिसला तर ड्रॅगन, पळा. तळघराचा नकाशा दर वेळी नवा तयार होतो. आणि मेलात की मेलात. जुना सेव्ह उघडून ‘पुन्हा एकदा’ म्हणायची सोय नाही.

यातही एक तिसरा हात होता. पडद्यावर हव्या त्या ठिकाणी अक्षर उमटवायची करामत बर्कलीच्या केन अरनॉल्डने लिहिलेल्या ‘कर्सेस’ नावाच्या लायब्ररीमुळे, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार कोडमुळे, जमली होती. पुढे अरनॉल्ड स्वतःच गेमच्या कामात सामील झाला. म्हणजे या घराण्याचा मूळपुरुषच उसन्या विटांवर उभा आहे.

आता इतके हात लागतातच कशाला? एक उदाहरण बघा. नेटहॅकमध्ये कॉकाट्रिस नावाचं एक कोंबड्यासारखं जनावर आहे. त्याला उघड्या हाताने शिवलात की तुमचा दगड होतो. मेलेल्याला शिवलात तरी होतो. हातमोजे घालून त्याचं मढं उचललंत तर तेच मढं हत्यार बनतं आणि ज्याला माराल त्याचा दगड होतो. मग तुम्ही शेर होऊन हिंडायला लागता. पण मढं हातात धरून चालताना खड्ड्यात पडलात, तर ते तुमच्याच अंगावर येतं आणि तुमचा दगड होतो. हे सगळं एका माणसाला एका बैठकीत सुचत नाही. कुणीतरी खेळताना विचारतो, ‘अहो, मी हे धरून खड्ड्यात पडलो तर?’ दुसरा म्हणतो, ‘आणि मी आंधळा असताना चाचपून बघितलं तर?’ असे हजारो ‘तर’ वर्षानुवर्षं साचत गेले. खेळाडूंमध्ये एक म्हणच आहे की डेव्हलपर मंडळींनी सगळ्याचा विचार करून ठेवलाय. खरं तर त्या मंडळींइतकाच तो खेळणाऱ्यांनीही केलेला असतो.

नेटहॅकची वंशावळ बघितली की हे पटतं. 1982च्या आसपास मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन-सडबरी या शाळेतल्या जे फेनलेसन नावाच्या मुलाने तीन मित्रांना हाताशी धरून ‘हॅक’ लिहिला. तो अ‍ॅमस्टरडॅमच्या आंद्रिस ब्राउवर या गणितज्ञाच्या हाती लागला. त्याने तो जवळजवळ नव्याने घडवला आणि 1984मध्ये यूझनेटवर, म्हणजे इंटरनेटपूर्व काळातल्या सार्वजनिक चावडीवर, टाकला. मग जो तो आपापल्या मशीनवर तो चालवू लागला आणि आपापल्या परीने बदलू लागला. एकाच गेमच्या चार चुली झाल्या. माइक स्टीफन्सनने त्या एकत्र केल्या. इझ्चाक मिलर आणि जॅनेट वॉल्झ सोबतीला आले. 1987मध्ये नेटहॅक बाहेर पडला. नावातला ‘नेट’ आला तो नेटवरून एकमेकांशी बोलून केलेल्या कामामुळे.

म्हणून नेटहॅकच्या मार्गदर्शिकेच्या शेवटी जो भाग आहे, तो मला गेमइतकाच आवडतो. आधी आवृत्तीगणिक इतिहास येतो: कोणी काय जोडलं, कोणत्या यंत्रावर कोणी नेलं. मग येते एक मोठी यादी, अक्षरक्रमाने लावलेली. तिची प्रस्तावना अशा अर्थाची आहे की अधूनमधून कुणीतरी बिघडलेलं डोकं आम्हाला एखादी भन्नाट सुधारणा पाठवतं, आणि अशा नतद्रष्टांपैकी जे सर्वांत वाईट, त्यांची नावं आम्ही इथे नोंदवून ठेवतो. ‘सर्व देणगीदारांचे मनःपूर्वक आभार’ या मजकुरापेक्षा हे किती जिवंत आहे! शिवी देऊन केलेलं कौतुक आपल्याला नवीन नाही. कट्ट्यावर जवळच्या मित्राची ओळख करून देताना आपण वेगळं काय करतो?

या मंडळींनी आपली नावंही गेममध्ये लपवली आहेत. अवजारांच्या दुकानदारांची यादी बघा. त्यात ‘नोस्नेहपेट्स’ नावाचा इसम आहे. हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटं वाचलं की स्टीफन्सन निघतो. ‘रेलिम’ म्हणजे मिलर. ‘झ्लॉ’ म्हणजे वॉल्झ.

नाव लपवायची ही खोड त्या काळाचीच म्हणायची. ‘रोग’ आला त्याच सुमाराला अटारी कंपनीच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या गेममध्ये वॉरन रॉबिनेटने एक गुप्त खोली करून तिथे आपलं नाव लिहून ठेवलं होतं, कारण त्या काळी कंपनी गेमवर प्रोग्रामरचं नाव छापत नसे. त्याने केली ती चोरी होती. नेटहॅकवाल्यांनी केली ती गंमत, कारण त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

आता दुसरा गेम, आणि लेखाचं नाव जिथून घेतलं तो. 1997मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लिन्ली हेंझेलने ‘डन्जन क्रॉल’ जगापुढे ठेवला. काही वर्षांनी तो त्यातून बाजूला झाला आणि गेमचं काम रखडलं. 2006मध्ये दर्शन शालिग्राम आणि एरिक पायपर यांनी त्याची नवी शाखा काढली. (शालिग्राम हे आडनाव यादीत दिसलं की मराठी डोळा क्षणभर थबकतोच.) शाखेचं नाव ठेवलं ‘स्टोन सूप’, दगडाचं सूप. युरोपातली ही जुनी लोककथा. एक भुकेला वाटसरू गावात येतो. त्याच्याकडे फक्त हंडा आणि एक दगड. ‘दगडाचं सूप करतोय, चव येतेय हळूहळू, एखादं गाजर असतं तर…’ म्हणत म्हणत तो एकाकडून गाजर, दुसऱ्याकडून कांदा, तिसऱ्याकडून मीठ काढतो. शेवटी सगळं गाव जेवतं. कथेतला दगड कोणी खात नाही, पण दगडाशिवाय हंडा चुलीवर चढला नसता. गेमच्या नावातच आभार घालून ठेवण्याची ही हिकमत मला फार आवडते.

या सुपात गाजर कसं टाकतात, ते जवळून बघू. क्रॉलमध्ये काही जागा हाताने रचलेल्या असतात: राक्षसांची वसाहत, पाण्याने वेढलेला खजिना, फसवा देव्हारा. यांना ‘व्हॉल्ट’ म्हणतात आणि ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येतात. वर नाव, मग काही सूचना, मग अक्षरांनीच काढलेला नकाशा. प्रोग्रामिंग फारसं न येणारा माणूसही एका संध्याकाळी एखादा व्हॉल्ट रचून पाठवू शकतो. यातली पुष्कळ नावं रचणाऱ्याच्या टोपणनावाने सुरू होतात. आधी माणूस, मग जागा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ असतं तशीच ही नाममुद्रा. फरक इतकाच की अभंगातली मुद्रा ऐकणाऱ्याच्या कानावर पडते, ही मात्र खेळणाऱ्याला सहसा दिसत नाही. ती दिसते पुढे दुरुस्तीला बसणाऱ्याला. त्याला कळतं की हा खजिना कुणाच्या डोक्यातून आला आणि अडलं तर कोणाला विचारायचं.

आता थोडं तंत्र. एखादा बदल तुम्ही लिहिता, पण तो मूळ कोडमध्ये घालण्याचा अधिकार तुमच्याकडे नसतो. तो दुसरा कोणीतरी घालतो. मग वहीत नाव कुणाचं? जुन्या पद्धतीत, कोडमधल्या बदलांची वही ठेवणाऱ्या सबव्हर्जनसारख्या व्यवस्थेत, घालणाऱ्याचं. लिहिणाऱ्याचं नाव आठवणीने टिपणीत लिहिलं तर टिकायचं, नाहीतर गेलं. 2005मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ केलं, तेव्हा त्यात दोन वेगळे रकाने ठेवले: लिहिणारा आणि नोंदवणारा. लिनक्सचं काम ईमेलवर आलेल्या तुकड्यांतून चालायचं, त्यामुळे ही गरज त्याला पक्की ठाऊक होती. दोन रकान्यांची ही साधी गोष्ट, पण ओळ कुणाची आणि ती तपासून आत घेतली कुणी, हे दोन्ही त्यामुळे टिकतं. क्रॉलमध्ये नोंदवणाऱ्याने मूळ कामात काही फेरफार केला, तर टिपणीत कंसात ‘नोंदवणाऱ्याची टीप’ म्हणून तसं लिहायची पद्धत आहे. दुसऱ्याच्या नावावर आपली चूक खपवायची नाही, हा साधा सभ्यपणा.

आणि केलेलं काम पुढे काढून टाकलं तर? क्रॉलवाले गेममधून गोष्टी काढून टाकण्यात पटाईत आहेत. पहिल्यापासून असलेली भूक आणि खाण्यापिण्याची सगळी व्यवस्था त्यांनी 0.26 या आवृत्तीत मोडीत काढली. ती व्यवस्था वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्यांचं आज गेममध्ये काही दिसत नाही. पण गिटच्या वहीत त्यांच्या नोंदी तशाच आहेत. पाडलेल्या वाड्याचा सातबारा जपून ठेवावा तशा.

नाव टिकवणं ही निव्वळ भावनेची बाब नाही, हे अँगबँडच्या बाबतीत रोकडं दिसलं. 1990मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात अ‍ॅलेक्स कटलर आणि अँडी अ‍ॅस्ट्रँड यांनी हा गेम सुरू केला, तोही ओक्लाहोमाच्या रॉबर्ट कोनिकेच्या ‘मोरिया’ या जुन्या गेमवर. तेव्हा कुणी लायसन्सचा फार विचार केला नव्हता. नफ्यासाठी विकू नका, एवढीच मोघम अट. गेम एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि प्रत्येक सांभाळकर्त्याच्या काळात नवे लोक भर घालत राहिले. पुढे गेम खऱ्या अर्थाने मुक्त करायचा, म्हणजे जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आणायचा, असं ठरलं तेव्हा मोठा पेच पडला. ज्याने ज्या ओळी लिहिल्या त्यांवर हक्क त्याचा. म्हणजे परवानगी प्रत्येकाची हवी. वीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या पत्त्यावरून ईमेल करणारा पोरगा आता कुठे असेल? एकेकाला शोधून, विचारून ते काम 2009मध्ये पार पडलं. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीला सगळ्या चुलत-आत्येभावंडांच्या सह्या गोळा केलेल्या माणसाला यातला घाम वेगळा सांगायला नको. जुन्या आभाराच्या यादीत ज्याचं नाव होतं, त्याला शोधायला निदान सुरुवात तरी करता आली.

लायसन्समध्येही हे लिहिलेलं असतं. नेटहॅकचं लायसन्स असो की जीपीएलची दुसरी आवृत्ती, दोन्हींत अट आहे की फाइल बदललीत आणि ती पुढे दिलीत, तर आपण बदलली आणि कधी बदलली हे तिच्यात ठळक नोंदवा. ‘कॅटॅक्लिझम: डार्क डेज अहेड’ हा गेम तर अशा क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आहे की तिथली कुठलीही गोष्ट उचललीत तर श्रेय द्यायलाच हवं. याच्या उलट क्रॉलची चित्रं. त्यातली जुनी ‘आरएलटाइल्स’ या सार्वजनिक संचातून आली. करणाऱ्याने सगळे हक्क सोडून दिले होते, फक्त संचाचं नाव सांगणारं एक वाक्य सोबत ठेवा म्हणाला. कायद्याने ते कुणी पाळायची सक्ती नाही. क्रॉलवाल्यांनी पाळलं.

आता अवघड भाग. ज्यांनी कोड लिहिला, त्यांची नावं यंत्र आपोआप टिपतं. पण ज्याने एकच बग चार वेळा, चार तऱ्हांनी करून दाखवला, त्याचं काय? गोंधळलेल्या नव्या खेळाडूला रात्री दोन वाजता समजावत बसलेल्याचं? सर्व्हर स्वतःच्या खर्चाने चालवणाऱ्याचं? ही माणसं यादीत येतात ती कुणीतरी आठवणीने लिहिली तरच. लिहिलेल्या ओळी मोजून मान ठरवायचा तर त्याहून गाढवपणा नाही. कधी हजार ओळी नकोशा असतात आणि कधी बदललेलं एकच चिन्ह सगळा गेम वाचवतं. म्हणून मला अक्षरक्रमाची यादी बरी वाटते. लग्नपत्रिकेत आधी कुणाचं नाव, यावरून काकांनी धरलेला अबोला ज्याने पाहिलाय, त्याला कारण कळेल.

माझा स्वतःचा अनुभव एवढासाच. एका छोट्या गेममध्ये दार बंद असताना बाण त्यातून आरपार जायचा. मी कुठल्या क्रमाने काय केलं की तसं होतं, ते नीट लिहून पाठवलं. दोन ओळींत दुरुस्ती झाली, मी एक अक्षरही कोड लिहिला नाही. पुढच्या आवृत्तीच्या आभारात माझं नाव होतं, आणि आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. दुरुस्त करा म्हणून कळवायला मी आठ दिवस लाजलो. कळवलं तर तासाभरात बदललं, वर ‘सॉरी’. आता विचार करतो, ‘ळ’ असलेलं आडनाव निव्वळ इंग्रजी अक्षरांच्या गेममध्ये लिहायचं तरी कसं? अँगबँडचा एक सांभाळकर्ता जर्मन होता. त्याच्या रूलमन या आडनावातल्या ‘यू’वरचे दोन टिंब जुन्या पडद्यांना झेपायचे नाहीत, म्हणून तिथे जोडीला ‘ई’ घालून काम भागवलं जायचं.

आभाराने पोट भरत नाही, हाही मुद्दा आहेच. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ 2006पासून फुकट दिला आणि लोकांच्या देणग्यांवर दिवस काढले. देणगी देणाऱ्याला ते हाताने क्रेयॉनचं चित्र काढून किंवा छोटी गोष्ट लिहून पाठवत. गेमचा कोड बंद, म्हणजे बाहेरच्यांना न दिसणारा, पण खेळाडूंनी त्यावर आपापली चित्रं चढवली होती. 2022च्या डिसेंबरमध्ये गेम चित्रांसह विकायला आला, तेव्हा ती चित्रं करायला बोलावलं कोणाला? वर्षानुवर्षं हौसेने चित्रसंच करणाऱ्या ‘मेडे’ आणि ‘मेफ’ या खेळाडूंनाच. आभाराची ही तऱ्हा जास्त वेळा दिसायला हवी.

नेटहॅकवाले मात्र एके काळी फार घुमे होते. 2003च्या डिसेंबरनंतर बारा वर्षं नवी आवृत्ती नाही. लोकांनी कंटाळून आपापल्या शाखा काढल्या आणि त्यांत सोयी घातल्या. 2015च्या डिसेंबरमध्ये 3.6.0 आली तेव्हा अशा बाहेरच्या कितीतरी सुधारणा तिने पोटात घेतल्या होत्या आणि काही नवी माणसं टीममध्येही आली होती. त्याच आवृत्तीत, त्या वर्षी गेलेल्या टेरी प्रॅचेट या लेखकासाठीही एक भेट आहे. त्याने गेमची एक ओळही लिहिली नव्हती, फक्त लिहिणाऱ्यांना वर्षानुवर्षं हसवलं होतं.

बाकी इझ्चाकच्या दुकानाबद्दल एक सांगायचं राहिलं. नेटहॅकच्या शेवटच्या टप्प्यावर जायचं तर एक मेणबत्तीदान पेटवावं लागतं आणि त्याला सात मेणबत्त्या लागतात. इतक्या मेणबत्त्या एका जागी मिळायचं हमखास ठिकाण म्हणजे हेच दुकान. परवा तिथे पोहोचलो तेव्हा सहा झाल्या आणि सातवीला पाच नाणी कमी पडली. जवळ तेलाचा एक जुना दिवा होता. तो त्यालाच विकला, बरोबर पाच आली. सातवी मेणबत्ती घेतली. त्यातली एकही आत्ता पेटवायची नव्हती, म्हणून अंधारातच चाचपडत खाणीत उतरलो.